भागोजीचं वजन

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून बाहेरदेशी धाडणारी एक कंपनी आहे. तिच्या मागच्या बाजूला, जिथे टेम्पोतून मासळीचे क्रेट उतरतात, त्या धक्क्यावर जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा आहे. मार्चमधल्या एका सकाळी कंपनीच्या बास्केटबॉल संघाचे खेळाडू त्या काट्यासमोर रांग लावून उभे होते आणि रांगेत सगळ्यांत मागे भागोजी पालांडे होता. मागे राहिलं म्हणून काटा काही आपल्याला सोडणार नाही, हे त्याला कळत होतं. तरी तो मागे राहिला.

व्यायामशाळेतला काटा बिघडलाय, असं नवे प्रशिक्षक सुजय सर म्हणाले होते. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. कोळंबी सोलणाऱ्या बाया डोक्याला पांढऱ्या टोप्या आणि पायात गमबूट घालून दारात जमल्या होत्या. फुकटची गंमत कोण सोडतंय. एकेक खेळाडू काट्यावर चढत होता, लाल आकडा उमटत होता, सुजय सर तो मोबाइलवर टिपत होते. भागोजी चढला तसा काट्याचा पत्रा कुरकुरला. आकडा जरा वेळ इकडेतिकडे हलला आणि एकशे सव्वीसवर थांबला.

"मोरी चढली गो काट्यावर," सखू नावाची एक बाई म्हणाली, आणि मोरी म्हणजे केवढा शार्क हे ठाऊक असलेला सगळा धक्का हसला.

भागोजीही हसला. आपल्या अंगावरून होणाऱ्या विनोदाला सगळ्यांच्या आधी आपणच हसून मोकळं व्हायचं, ही युक्ती तो लहानपणीच शिकला होता. त्या दिवशी मात्र त्याला उशीर झाला.

सुजय सरांनी त्याला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, रागावले नाहीत. "मे महिन्यात चिपळूणची स्पर्धा आहे, भागोजी. मला पळणारा संघ हवाय. तोवर एकशे आठवर ये. नाही जमलं तर जूनमध्ये तुझा करार पुढे जाणार नाही. शेठशी बोलणं झालंय माझं."

"येतो सर," भागोजी म्हणाला. दुसरं म्हणणार तरी काय?

कबड्डी आणि क्रिकेटच्या मुलखात बास्केटबॉल खेळून पोट भरणारा माणूस म्हणजे लोकांना नवलच वाटायचं. कंपनीच्या शेठला कॉलेजात असल्यापासून या खेळाचं वेड. त्याने दहा-बारा खेळाडू वर्षाच्या कराराने ठेवले होते. सकाळी सराव, संध्याकाळी सराव आणि छातीवर कंपनीचं नाव लावून गोव्यापासून नागपूरपर्यंतच्या स्पर्धा. "म्हणजे नुसता खेळायचाच पगार मिळतो तुला?" असं भागोजीला लोक नाक्यानाक्यावर विचारायचे. "खेळायचाच," तो सांगायचा. सांगताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

तो मूळचा अलोऱ्याचा. वडील कोयना प्रकल्पाच्या वीजघरात ऑपरेटर, बिऱ्हाड वसाहतीत. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं आणि आजोबांची हाडंही त्याने घेतली, असं आई म्हणायची. सातवीत असताना तो मास्तरांच्या खांद्याला लागत होता. वर्गातली पोरं त्याला रेडा म्हणत. कबड्डीत पाय उचलत नाही म्हणून घेत नसत, क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक करून उभा करत. वसाहतीतल्या क्लबामागे इंजिनिअर लोकांनी कधीकाळी बांधलेलं सिमेंटचं कोर्ट होतं. तिथे मात्र उंच असणं हा गुन्हा नव्हता. भागोजी तिथे जायला लागला तो परत आलाच नाही म्हणायचं.

त्याला कंपनीत आणलं विठू सावंत सरांनी. तेव्हाचे प्रशिक्षक तेच. तालुक्याच्या एका सामन्यात त्यांनी या पोराला रिंगखाली उभा पाहिला. तिघेजण ढकलत होते आणि हा हलत नव्हता. "वजन पाडू नकोस रे बाबा," हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यांनी त्याला अंडी खायला लावली, केळी खायला लावली, भाताचं दुसरं वाढणं स्वतः समोर बसून संपवायला लावलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला जास्त खा म्हणत होतं आणि त्याबद्दल शाबासकी देत होतं.

संघातलं त्याचं काम सांगायला सोपं. शिवा भाटकर हा संघाचा नेमबाज. चेंडू घेऊन शिवा धावत यायचा, त्याच्या मागे प्रतिस्पर्धी लागलेला असायचा. भागोजी मधेच एका जागी पाय रोवून उभा राहायचा. शिवा त्याच्या खांद्याला घासून पलीकडे वळायचा आणि मागून येणारा गडी भागोजीवर आदळून थांबायचा. तेवढ्या सवडीत शिवाचा चेंडू रिंगमधून खाली. याला स्क्रीन म्हणतात. विठू सर आडोसा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात शिवाचा फोटो यायचा आणि भागोजीच्या नावापुढे दोन नाहीतर चार गुण असायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. बरगड्या ठणकत असायच्या आणि त्या ठणक्यातच त्याला आपण कामाला आल्याचं कळायचं.

मग गेल्या वर्षी गुडघा गेला. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, सगळा पावसाळा पाय उशीवर ठेवून काढला. खाणं खेळाडूचं राहिलं आणि हालचाल म्हाताऱ्याची झाली. याच काळात विठू सर निवृत्त होऊन मुलाकडे डोंबिवलीला गेले आणि सुजय सर आले. भागोजी कोर्टवर परतला तेव्हा अंगावर चौदा किलो चढले होते आणि संघाचा खेळच बदलला होता. आता सगळे पळत होते. रिंगखाली उभ्या राहणाऱ्या सेंटरनेसुद्धा पळायचं, लांबून चेंडू टाकायचा. भागोजी पाय रोवून उभा राहिला की शिवा पलीकडून निघून गेलेला असायचा.

काट्याच्या त्या दिवशी नाचणे गावातल्या घरी परतल्यावर त्याने योगिनीला सगळं सांगितलं. योगिनी राम आळीत साड्यांच्या दुकानात काउंटरवर असे. तिने ऐकून घेतलं. "अठरा किलो म्हणजे आपली सानवी," ती म्हणाली. सानवी त्यांची पाच वर्षांची मुलगी. "एवढं सगळं अंगातून काढायचं?"

"काढायचंच. नाहीतर मी कोण गो?"



दुसऱ्या दिवसापासून भागोजी भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाच्या कडेने, प्लॅस्टिकचा रेनकोट घालून धावायला लागला. घरात भात बंद, माशाचं सार बंद. योगिनी त्याला दुधी उकडून द्यायची आणि स्वतःही तेच खायची, कारण त्याच्यासमोर बांगडा तळायचा म्हणजे पाप वाटायचं. सुरुवातीला वजन भराभरा उतरलं. नंतर ते एका जागी येऊन बसलं ते उठायलाच तयार नाही. गुडघा सुजायला लागला. एप्रिल निम्मा झाला. सुजय सर रोज सकाळी हसून विचारायचे, "किती?" आणि आकडा ऐकून नुसते मान हलवायचे.

त्याच सुमारास अलोऱ्याला चुलतभावाच्या मुलाचं बारसं होतं. आईने पंगतीत त्याच्या ताटाशी बसून वडे वाढले. "चेहरा बघ कसा झालाय पोराचा," असं म्हणत वाढतच राहिली. भागोजी कित्येक आठवड्यांनी जेवला. जेवला म्हणजे तुटून पडला. हात धुताना त्याला वाटलं, गेलं, महिन्याचं सगळं गेलं. तो घरामागे फणसाखाली गेला आणि सगळं ओकून टाकलं. डोळ्यांतून पाणी आलं, घसा जळला आणि मग एकदम हलकं वाटलं. झालेली चूक पुसून टाकता येते, असं वाटलं.

तिथून ते सुरू झालं. दुपारच्या मोकळ्या वेळात तो साळवी स्टॉपच्या पुढे बेकरीवर जायचा. नानकटाई, खारी, मिळेल ते घ्यायचा आणि गाडी रस्त्याकडेच्या आंब्याखाली लावून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, चव न घेता कोंबत राहायचा. मग ते बाहेर काढायचं. एका जिमवाल्याने त्याला अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या दिल्या, त्याही त्याने घेतल्या. घरी आल्यावर योगिनीला सांगायचा, "दुधीच दे. भूक नाही तशी." गालांची हाडं दिसायला लागली, आवाज बसल्यासारखा झाला. तिने विचारलं तर म्हणाला, समुद्रावरचं वारं बाधतंय.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी काटा एकशे आठवर आला. सुजय सरांनी सगळ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवला. "बघा, याला म्हणतात जिद्द," ते म्हणाले. खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या. शिवाने वाजवल्या नाहीत. तो भागोजीच्या मनगटाकडे बघत होता. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळूनही सैल हेलकावत होता.

चिपळूणला सामना संध्याकाळचा, उघड्या कोर्टवर. वारा नाही, अंगाची नुसती काहिली. समोर कोल्हापूरचा तगडा संघ. सुरुवातीला भागोजी खरंच पळाला. गेल्या कैक वर्षांत पळाला नव्हता तसा. बाकावरून सुजय सर ओरडून शाबासकी देत होते. पण रिंगखाली कोल्हापूरचा सेंटर त्याला पाठ लावून मागे सरकायला लागला, तेव्हा भागोजीला कळलं की आपल्यात काहीच शिल्लक नाही. अंगण झाडताना खुर्ची बाजूला सारावी तसा त्या माणसाने त्याला सारला. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, मग दर वेळी. त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. छातीत काहीतरी अडखळत होतं.

दुसऱ्या सत्रात शिवा चेंडू घेऊन आला आणि त्याने डोळ्याने खूण केली. जुनीच खूण. भागोजीने पाय रोवले. शिवा त्याच्या खांद्याला घासून वळला, मागे न बघता, कारण आजवर त्याला मागे बघायची कधी गरजच पडली नव्हती. मागून आलेला गडी भागोजीवर आदळला आणि थांबला नाही. तो भागोजीला घेऊनच शिवाच्या पाठीवर गेला. तिघे खाली पडले. शिवाचा हात खाली सापडला होता. मनगट मोडल्याचा आवाज भागोजीने कानाने ऐकला.

त्याला उठायचं होतं, शिवावरून बाजूला व्हायचं होतं. पाय उठेनात. दिवे गोल फिरायला लागले आणि मग त्याला काही आठवत नाही.

चिपळूणच्या एका दवाखान्यात त्याला सलाइन लावलं. अंगातले क्षार पार खाली गेलेत, अजून थोडं ताणलं असतं तर हृदय बंद पडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. "काय घेत होता तुम्ही?"

"काही नाही. उन्हाचा त्रास झाला."

योगिनी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुजय सर आले. स्टूल ओढून बसले. संघ हरला होता, शेठने फोनवर त्यांनाच फैलावर घेतलं होतं. "मी तुला आकडा सांगितला," ते म्हणाले, "कसा उतरवतोयस ते विचारायला हवं होतं." मग उठता उठता म्हणाले, "करार होणार नाही, भागोजी. शेठ ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत. पण धक्क्यावर सुपरवायझरची जागा आहे, ती तुला द्यायला तयार आहेत."

भागोजीने भिंतीकडे तोंड केलं.

जूनपासून तो धक्क्यावर उभा राहायला लागला. गमबूट घालायचे, टेम्पो आला की क्रेट उतरवून घ्यायचे, बर्फ पुरेसा आहे का बघायचं. धक्क्याला लागूनच कोर्टची भिंत. संध्याकाळी पलीकडून चेंडूचा आवाज यायचा. पाय ओळखीचे, हाका ओळखीच्या. पहिले काही दिवस तो आवाज सुरू झाला की बर्फाच्या यंत्रापाशी जाऊन उभा राहायचा. तिथे दुसरं काही ऐकू येत नसे.

आता त्याचं वजन कोणी विचारत नव्हतं. एकशे आठ असो की दोनशे, कुणाला काही देणंघेणं उरलं नव्हतं. बेकरीचा रस्ता मात्र सुटला नाही. जेवला की उठावंसं वाटायचं. उठला की बाथरूमकडे. तो स्वतःच चक्रावला होता. संघात राहायला म्हणून धरलेली ही वाट, संघ गेला तरी आपण हिच्यावरून का चाललोय? आजच्या दिवस शेवटचं, असं तो रोज ठरवायचा. दात शिवशिवायचे. कधी ओकताना रक्ताची रेघ दिसायची, ती पाण्याने घालवून तो बाहेर यायचा आणि सानवीचा अभ्यास घ्यायला बसायचा.

एके दिवशी शिवा धक्क्यावर आला. हाताचं प्लॅस्टर निघालं होतं, मनगट बारीक, पांढरंफटक. दोघे पालथ्या क्रेटवर बसले.

"नवीन सेंटर आलाय नाशकाचा," शिवा म्हणाला. "अजिंक्य नाव. उडतो चांगला. लांबून टाकतो पण."

"मग बरं आहे."

"मी वळताना मागे बघतो रे आता. बघितलं की वेळ जातो. सर ओरडतात." त्याने मनगट चोळलं. "तू असताना मला माझा खेळ माझाच वाटायचा. आता कळतंय, त्यातला निम्मा तुझा होता."

भागोजीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तो मात्र चिडला. "हे मार्चमध्ये बोलायचं होतंस. काट्याशी उभा होतास ना तू?"

शिवाने मान खाली घातली. "घाबरलो. माझापण करार जूनमधेच होता."

टेम्पो आला तसा भागोजी उठला. शिवा थोडा वेळ बसला आणि निघून गेला.

त्याच आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. दुपारी तिघे जेवले. योगिनीने बऱ्याच दिवसांनी सुरमई केली होती. सानवीने ताट संपवलं, पाणी प्यायली आणि उठून बाथरूममध्ये गेली. आतून उलटी काढल्यासारखे आवाज यायला लागले. योगिनी धावली. पोर मोरीवर ओणवी होऊन, पोटाशी एक हात धरून, नुसते आवाज काढत होती. तोंडात काही नव्हतं. आईला बघून ती हसली.

"काय करतेस गो?"

"बाबांसारखं. जेवलं की असं करायचं असतं."

भागोजी दारात उभा होता. तो तिथल्या तिथे भिंतीला टेकून खाली बसला, एवढा मोठा माणूस, दार अडवून. सानवीला वाटलं बाबा खेळतायत, ती त्याच्या पाठीवर चढायला गेली. योगिनीने तिला उचलून शेजारच्या काकूंकडे नेऊन सोडलं आणि परत आली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "चिपळूणपासून माहीत होतं. वाटलं, संघ सुटला की हेपण सुटेल. म्हणून बोलले नाही. ती माझी चूक झाली." मग ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "उद्या मी दुकानात सुट्टी सांगते. आपण मनोरुग्णालयात जाऊ. तिथे याचे डॉक्टर आहेत, मी चौकशी केलीये."

रत्नागिरीत मनोरुग्णालयाचं नाव लोक थट्टेत घेतात. पोरगं मस्ती करायला लागलं की आया त्याच गेटाची भीती दाखवतात. भागोजीने मान हलवली. "तिथे नको. मला लपता येत नाय गो. सगळी रत्नागिरी ओळखते मला."

"सगळ्या रत्नागिरीने तुम्हाला मासळीच्या काट्यावर बघितलंय. ते चाललं. दवाखान्यात बघितलं तर काय बिघडतं?"

तो रडला. लग्नाला सात वर्षं झाली होती, तिने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते गेले. गेटवरच्या रखवालदाराने ओळखलंच. "तुम्ही कंपनीचे बास्केटबॉलवाले ना?"

"होतो," भागोजी म्हणाला.

"ओपीडी सरळ जाऊन डावीकडे." रखवालदाराने त्याहून जास्त काही विचारलं नाही.

बाकावर बरीच माणसं होती. कुणी राजापूरहून आलेलं, कुणी गुहागरहून. वेड्यांसारखं कुणी दिसत नव्हतं. एसटी स्टँडवर बसलेली असतात तशीच माणसं होती ती. डॉक्टर ईशा नावाची तरुण बाई होती. तिने आधी योगिनीला बसायला खुर्ची दिली, मग त्याच्याकडे वळली. कुठून सांगू, असं त्याने विचारलं. "आज सकाळपासून सांगा," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. सकाळी तांदळाचे दोन घावणे खाल्ले, ते पोटात ठेवले नाहीत. काल काय, परवा काय. बोलता बोलता तो मागे मागे जात राहिला आणि अलोऱ्याच्या फणसापर्यंत पोचला. योगिनी हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती. तिला वाटत होतं दोन-अडीच महिन्यांचं असेल. ती आपल्याच सासरच्या अंगणात, बारशाच्या त्या पंगतीत वाढायला होती. तिने पदराने तोंड पुसलं.

"पुरुषांना होत असतं का हे, डॉक्टर?" भागोजीने शेवटी विचारलं. "माझ्यासारख्या?"

"होतं," ती म्हणाली. "ते येत नाहीत इथे, एवढंच."

रोग एका गोळीने बरा होण्यातला नव्हता. दर गुरुवारी यायचं ठरलं. जेवल्यावर तासभर एकटं राहायचं नाही, असंही ठरलं. घरी योगिनी असायची. धक्क्यावर काय करायचं हा प्रश्न होता. पहिले काही आठवडे नीट गेले आणि गणपतीत सगळं पुन्हा कोसळलं. मोदकांचं ताट, पाहुणे, आणि मग बाथरूमचं बंद दार. तो गुरुवारी डॉक्टरांकडे जायला तयार नव्हता. योगिनीने त्याला गाडीवर मागे बसवून नेलं. एवढा माणूस मागे आणि ती पुढे, लोक वळून बघत होते.

आज तो बरा आहे असं म्हणता येणार नाही. आठवड्यातले काही दिवस चांगले जातात, काही जात नाहीत. कोर्टकडे तो अजून गेलेला नाही. संघ यंदा दोन स्पर्धा हरला, शेठ आता सुजय सरांवरही नाराज आहे, असं कानावर येतं. त्याचं त्याला सुख नाही.

धक्क्यावर मिरकरवाडा बंदरातून टेम्पो घेऊन येणारा धोंडू नावाचा ड्रायव्हर आहे. गेल्या महिन्यात त्याने विचारलं, "गुरुवारी तुम्ही नसता. जाता कुठं?"

भागोजी काहीतरी थाप मारणार होता. तोंडापर्यंत आलीही होती. पण तो म्हणाला, "मनोरुग्णालयात जातो. जेवण पोटात ठरत नाही माझं, त्याचं औषध आहे."

धोंडूने हातातला क्रेट खाली ठेवला. "माझा भाऊसपण तिथंच जातो, मंगळवारी," तो म्हणाला. "गेलं वर्षभर." मग डबा काढून तो भागोजीशेजारी बसला आणि झाकण उघडत म्हणाला, "जेवलात काय? या, जेवू."